पालथ्या हाताचे काका

मगदूम काका कुठल्याही वस्तूला पहिल्यांदा हात लावायचे तो पालथा. दाराची कडी असो, चहाचा कप असो, नवीन खुर्ची असो, आधी बोटांची मागची बाजू हळूच टेकवायची, क्षणभर थांबायचं, आणि मगच वस्तू हातात घ्यायची. त्यांची नात जन्मली तेव्हा दवाखान्यात तिच्या कपाळालाही त्यांनी आधी पालथी बोटंच लावली, असं काकू सांगत. आमच्या भागात त्यांना कुणी मगदूम म्हणत नसे. पालथ्या हाताचे काका म्हटलं की त्यांच्या दुरुस्तीच्या दुकानाचा पत्ता मिळे.

याचं कारण मी एकदा विचारलं होतं. ते म्हणाले, "तळहात लावला आणि करंट असला, की मूठ मिटती. मग ती उघडत न्हाय. पालथा हात आपसूक मागं येतो." पुढचं काकूंकडून कळलं. नव्वद-ब्याण्णव सालच्या सुमाराला काका इचलकरंजीत एका यंत्रमागवाल्याकडे वायरमन होते. भर दुपारी, त्यांच्यापासून चार हातांवर, त्यांच्याबरोबर डबा खाणाऱ्या माणसाची मूठ मागाच्या लोखंडावर मिटली. काका मेन स्विचकडे धावले, पण शेड लांब होती. त्यानंतर महिनाभरात त्यांनी ती नोकरी सोडली आणि कोल्हापुरात येऊन इस्त्र्या, मिक्सर, पंखे दुरुस्त करायला लागले. विजेचं काम त्यांनी सोडलं नाही, पण पुढं जन्मभर ते तिला भीत राहिले.

माझी त्यांची गाठ पडली ती मलाच झटका बसला म्हणून. राजारामपुरीत वडिलांच्या जागेत मी सहा कॉम्प्युटरचा नेट कॅफे चालवत होते. दोन हजार सातचा पावसाळा होता. ओल्या चपलांनी आत आले, तीन नंबरच्या कॉम्प्युटरच्या पेटीला हात लागला आणि खांद्यापर्यंत मुंग्या चढल्या. त्या दिवसापासून मी स्वतःच्याच कॅफेत घाबरून वावरत होते. गिऱ्हाईक पेटीजवळ पाय पसरून बसलं की मी त्याला पाय मागं घ्यायला सांगायचे. वडील म्हणाले, "थोडंफार असतंच." कुणीतरी काकांचं नाव सुचवलं.

काका आले. पेटीला पालथी बोटं लावली, मागं घेतली. मग प्लग खोलून बघितला आणि खालीच बसले. "तीन पिनंचा प्लग हाय, पण तिसरी पिन कुठंच जोडलेली न्हाय," ते म्हणाले. "किती दिवस ही पोरं हितं बसत्यात?" मी चार वर्षं म्हटल्यावर त्यांनी तोंडावरून हात फिरवला. त्यांच्या कपाळाला घाम आला होता. माझ्या कॅफेत मरू शकणाऱ्या, पण न मेलेल्या पोरांसाठी घाबरलेला असा माणूस मी पहिल्यांदाच बघत होते.

त्यांनी अर्थिंगसाठी परसात खड्डा काढायला लावला. त्यात तांब्याची पट्टी पुरली आणि वरून मीठ न् कोळशाचे थर घातले. शेजारच्या वहिनी कुंपणावरून म्हणाल्या, "काका, लोणचं घालाय लागलाय काय?" मी हे सगळं माझ्या छोट्या डिजिटल कॅमेऱ्यावर टिपत होते. खर्च कशाचा, हे वडिलांना दाखवायचं होतं, एवढाच हेतू होता.

तो कॅमेरा पुण्याच्या आतेभावानं दिला होता आणि त्याच्यावर माझं एक गुपित खूळ चाललं होतं. इंटरनेटवर लोक स्वतःचे व्हिडिओ टाकतात हे मी कॅफेत बसून बघत होते आणि आपणही टाकावेत असं मनात घेतलं होतं. पन्हाळ्यावरचं धुकं टाकलं, रंकाळ्याची संध्याकाळ टाकली, मिसळीची ताटली टाकली. पन्हाळ्याच्या व्हिडिओत वाऱ्याच्या घोंघाटापलीकडे काही ऐकू येत नव्हतं. तो अकरा वेळा बघितला गेला होता आणि त्यातल्या चार वेळा मीच. माझा चेहरा किंवा आवाज त्यात कुठंही नव्हता. ओळखीच्या कुणी बघितलं तर काय म्हणतील, या भीतीनं मी नावसुद्धा भलतंच घेतलं होतं.

मीठ-कोळशाचा व्हिडिओ मी असाच टाकून दिला. आठवड्यानं बघते तर खाली प्रश्नांची रांग. खड्डा किती खोल? पट्टीऐवजी पाइप चालेल का? दुबईत राहणाऱ्या एकानं लिहिलं होतं, की गावाकडच्या घरात आईला नळाला हात लावला की झटका बसतो, आता कारण कळलं. मी तो प्रतिसाद कागदावर छापून काकांना नेऊन दाखवला. त्यांनी तीनदा वाचला. "ह्याच्या आईकडं कुणी गेलं का मग?" एवढंच त्यांनी विचारलं.

अशी आमची वाट सापडली. दर पंधरा दिवसांनी एक व्हिडिओ करायचं ठरलं. काकांची एकच अट होती, तोंड दिसता कामा नये. "तोंड दाखवलं की माणूस शाणा व्हतो," ते म्हणत. खरं कारण वेगळं होतं. गावातले दुसरे वायरमन हसतील, चूक काढतील, याची त्यांना धास्ती होती. त्यामुळं आमच्या व्हिडिओत फक्त त्यांचे दोन हात असायचे. उजव्या अंगठ्याला नख नव्हतं, इचलकरंजीतच कधीतरी गेलेलं.

व्हिडिओ कसा करावा हे मला काकांनी शिकवलं, आणि त्यांनी स्वतः कधी कॅमेरा हातात धरला नव्हता. पहिला व्हिडिओ बघून ते म्हणाले, "लाल वायर कुठली, काळी कुठली, मलाच कळंना. बघणाऱ्यानं काय करायचं?" मग आम्ही पूर्वेच्या खिडकीपाशी टेबल नेलं, सकाळच्या उजेडात काम करायला लागलो आणि टेबलावर पांढरा पंचा अंथरला. आवाज घुमतो म्हणून पंखा बंद केला. एकदा मी हौसेनं मागं गाणं घातलं, तर ते चिडले. "टेस्टर लावताना कुणी गाणं म्हणतं का?" एका व्हिडिओत पंखा आणि इस्त्री दोन्ही उरकू या, असं मी सुचवलं तेव्हाचं त्यांचं वाक्य मी वहीत लिहून ठेवलंय. "एका टायमाला एकच काम सांगायचं. दोन सांगितली की माणूस तिसरंच करतो."

प्रत्येक व्हिडिओच्या आधी त्यांचा चेहरा उतरलेला असायचा. "कोण बघणार, कुठं बघणार, आपल्याला दिसत न्हाय," ते म्हणत. "दुकानात आलेल्याचा हात मी धरू शकतो. ह्याचा कसा धरू?" मला तेव्हा ते जरा अतीच वाटायचं. बघणाऱ्यांचे आकडे वाढत होते आणि मी त्या आकड्यांकडं बघण्यात गुंग होते.

पाचवा व्हिडिओ होता बोर्डातला स्विच बदलण्याचा. काका आधी मेनपाशी गेले, त्याचा दांडा खाली ओढला, 'काम चालू' लिहिलेला पुठ्ठा त्यावर अडकवला, मग बोर्डापाशी येऊन टेस्टर लावून दाखवला. यात दोन मिनिटं गेली. पुढची चार मिनिटं प्रत्यक्ष काम. तेव्हा एवढा व्हिडिओ चढवायला अख्खी सकाळ जायची आणि मधेच लाईट गेली की पहिल्यापासून सुरुवात. तीन दिवसांत तीनदा तसं झालं. चौथ्या दिवशी मी पहिली दोन मिनिटं कापून टाकली. मेन बंद करायचा असतो हे सगळ्यांनाच माहीत असतं, असं मी मनाशी म्हटलं. शिवाय सुरुवातीलाच काम दिसलं की लोक जास्त वेळ थांबतात, हेही मला कळून चुकलं होतं. काकांना मी विचारलं नाही.

व्हिडिओ चढला की दुसऱ्या दिवशी सकाळी काका चहाला येऊन तो बघायचे. त्या सकाळी ते दोन नंबरच्या कॉम्प्युटरवर बसले. पूर्ण बघितला. पुन्हा पहिल्यापासून लावायला सांगितला. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "मेन बंद कराय मी सांगितलंच न्हाय?"

मी तोंड उघडलं. शब्द जुळवत होते तेवढ्यात त्यांची नजर खाली गेली. तिथं आदल्या संध्याकाळी कुणीतरी लिहिलं होतं, 'फार सोपं करून सांगितलंत. मेन वगैरेची भानगड नाही. उद्या सकाळी लोडशेडिंगला लाईट गेली की आमचा बोर्ड उघडतेच. गडमुडशिंगीहून.'

काका उभे राहिले. "तिकडं साडेनवाला लाईट येती. परवाच मोटारीचं काम करून आलोय," ते म्हणाले. भिंतीवरच्या घड्याळात नऊला पाच कमी होती. नाव नाही, फोन नंबर नाही, फक्त एवढ्या मोठ्या गावाचं नाव. मी कॅफे तसाच उघडा टाकून स्कूटर काढली.

काका कधी दुचाकीवर मागं बसत नसत. त्या दिवशी बसले. उचगावापर्यंत ते माझ्या खांद्याला धरून "अव्वा, अव्वा" असं पुटपुटत होते. त्यांच्या घरी कानडी बोलत, आईला ते अव्वा म्हणत. मी जरा हळू घेतलं तर कानाशी म्हणाले, "थांबू नको. जोरात घे." मला एका बाजूनं रस्ता दिसत होता आणि दुसऱ्या बाजूनं एक मिटलेली मूठ. आणि या सगळ्याच्या तळाशी आणखी एक भीती होती, ती सांगायला लाज वाटते. ते मी कापलं, हे काकांना कळलं तर?

गडमुडशिंगीच्या चौकात इलेक्ट्रिकच्या सामानाचं दुकान उघडं होतं. काकांनी बरोब्बर तेच गाठलं. "काय पावणं, येवढ्या घाईत?" दुकानदार म्हणाला. काकांना धाप लागली होती. "काल स्विच कुणी नेला?"

"दोघांनी नेला की. एक सुतार हाय, नवं घर बांधाय लागलाय. आन् एक चौगुल्यांची सून."

"कॉम्प्युटर कुणाला येतो?"

"सुनंला. क्लास घेती की ती. का वं?"

"घर कुठं?"

"गिरणीच्या समोर. पण झालं काय?"

काका तोवर गिरणीकडं निघाले होते. चौगुल्यांचं दार उघडं होतं. पुढच्या सोप्यात स्टुलावर एक तरुण बाई उभी होती. बोर्ड उघडलेला, तारा बाहेर लोंबत असलेल्या. सासूबाईंनी खालून स्टूल धरलं होतं. सुनेच्या एका हातात स्क्रूड्रायव्हर होता आणि तारेवरचं रबर काढण्यासाठी तिनं ती तार दातांत धरली होती.

आम्ही कुणीच ओरडलो नाही. ओरडलं आणि ती दचकून पडली तर, असं काहीतरी डोक्यात आलं असावं. काका दारातच वळले. चौकटीच्या वर मीटर आणि त्याशेजारी मेनची पेटी होती. त्यांनी टाचा उंचावून दांडा खाली ओढला आणि तो तसाच दोन्ही हातांनी धरून उभे राहिले.

"कोण वं तुम्ही? काय करताय तिथं?" सासूबाई खेकसल्या.

काकांनी दांडा सोडला नाही. किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. मग समोरची पिठाची गिरणी घरघरली आणि सुरू झाली. गल्लीत कुणाचा तरी टीव्ही बोलायला लागला. चौगुल्यांचं घर मात्र तसंच शांत होतं.

सुनेनं ती तार हळूच दातांतून काढली. गिरणीकडं बघितलं, मग दांड्याला धरलेल्या हातांकडं. नख नसलेला अंगठा तिला दिसला. "तुम्ही व्हिडिओतले काका हायसा," ती म्हणाली, आणि स्टुलावरच खाली बसली. सासूबाईंना अजून काही कळलं नव्हतं, पण सुनेचा चेहरा बघून त्यांनी तिला घट्ट धरलं.

काका उंबऱ्यावर बसून दोन तांबे पाणी प्यायले. मग त्यांनी तिचा स्विच स्वतः बदलून दिला, प्रत्येक पायरी तिच्याकडून वदवून घेत. निघताना त्यांनी तिच्यापुढं हात जोडले. ती फार तर पंचवीसची असेल. "ताई, चूक माझी झाली," ते म्हणाले. "मेन बंद कराय सांगायचं मी इसरलो."

मी स्कूटरची चावी हातात घेऊन तिथंच उभी होते. बोलायची जागा तीच होती. मी बोलले नाही.

व्हिडिओ मी त्याच दुपारी काढून टाकला. काका कॅफेत यायचे थांबले. दुकान कधी उघडं, कधी बंद. मी स्वतःची समजूत घातली, की त्यांना धक्का बसलाय, ओसरेल हळूहळू. त्यांच्या गल्लीतून जायची वेळ आली की मी लांबच्या रस्त्यानं जायचे.

दीडेक महिन्यानं काकू कॅफेत आल्या. पदरानं चेहरा पुसत म्हणाल्या, "वैशू, तुझ्या त्या इंटरनेटवर इसरण्यावरचं औषध मिळतं का गं?" मला काही कळेना. "ह्यांच्या थोरल्या भावाला तसंच झालंतं. शेवटी घर ओळखंना, बायको ओळखंना. ह्यांना वाटतंय, आता आपला नंबर. घरभर चिठ्ठ्या लावून ठेवल्यात. गॅस बंद कर, मेन बंद कर, दार लाव. कामं घेईनात. डॉक्टर म्हणतोय काही न्हाय, तर डॉक्टरवर इश्वास न्हाय."

काकूंच्या पाठोपाठच मी निघाले. त्यांच्या घरापर्यंतचा तो पाच मिनिटांचा रस्ता मला आजही पायांखाली आठवतो.

काका खाटेवर बसले होते. समोर भिंतीवर खरोखरच चिठ्ठ्या होत्या, त्यांच्या वळणदार अक्षरातल्या. मी बसलेसुद्धा नाही. "काका, तुम्ही विसरला नव्हता. मी ते कापलं," म्हटलं.

त्यांनी वर बघितलं. "म्हंजे मी बोललोतो?"

"बोलला होता. दोन मिनिटं."

"पुठ्ठा अडकवलातो?"

"हो."

"टेस्टर लावलातो?"

"लावला होता, काका. दोनदा लावला होता."

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं, आता ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. डोळे न उघडताच ते म्हणाले, "दीड महिना रोज सकाळी उठलो की आधी हिचं नाव मनात म्हणतोय. येतंय का बघाय."

स्वयंपाकघराच्या दारात काकू उभ्या होत्या. मग त्यांनी मला जे सुनावलं ते अस्सल कोल्हापुरी होतं आणि त्यातला प्रत्येक शब्द मला लागू होता. काकांनी त्यांना थांबवलं नाही. त्या दमल्यावर एवढंच म्हणाले, "कापलीस ती चूक झाली. चूक मीबी करीन. पण उंबऱ्यावर मी हात जोडले तवा तू तिथं हुतीस." मी रडत होते. त्यांनी भिंतीवरच्या चिठ्ठ्या एकेक करून काढायला सुरुवात केली. मला मदतीला बोलावलं नाही.

आठ दिवसांनी ते कॅफेत आले. हातात नवीन स्विच होता. "व्हिडिओ परत करायचा," ते म्हणाले. "पण हात तुझं, आन् आवाजबी तुझा. मी बाजूला उभा ऱ्हातो."

त्या सकाळइतकी मी कधीच घाबरले नव्हते. मेनपाशी गेले. आधी पालथी बोटं, मग दांडा. कॅमेऱ्यासमोर, स्वतःच्या आवाजात, स्वतःचं नाव सांगून मी म्हटलं, की याआधीच्या व्हिडिओत हा भाग होता, तो मी कापला होता आणि त्यामुळं एका घरात माणूस जायची वेळ आली होती. बोलताना दोनदा अडखळले. नंतर ते अडखळणं काढू का, म्हणून विचारलं. काका म्हणाले, "आता काय कापायचं न्हाय." तो व्हिडिओ चढवायला पाच दिवस लागले.

त्यानंतर दीड वर्ष आम्ही काम केलं, आणि बोर्ड खोलणारे हात आता माझेच असायचे. व्हिडिओ लांब झाले, बघणारे थोडे कमी झाले, पण प्रश्न विचारणारे वाढले. लोक करून बघायच्या आधी विचारायला लागले होते. त्याला काका आमची कमाई म्हणत. पुढं काकूंचे गुडघे धरले, मुलगी निपाणीला होती, ती आग्रह करायला लागली. दोन हजार नऊच्या उन्हाळ्यात त्यांनी दुकान आवरलं. हत्यारांची पेटी त्यांनी माझ्याकडं दिली नाही. म्हणाले, "स्वतःची घे. दुसऱ्याच्या पक्कडीला आपला हात बसत न्हाय."

आज काका नाहीत. निपाणीला गेल्यावर दोन वर्षांनी साध्या तापाचं निमित्त झालं. मला कळलं तेव्हा दिवस होऊन गेले होते. पण माझ्या मनात त्यांचा निरोप झाला तो मध्यवर्ती स्टँडवरच. काकू आधीच आत जाऊन बसल्या होत्या. गाडी सुटायला अवकाश होता. काकांनी खिडकीची काच सरकवली आणि मला जवळ बोलावलं.

"बोर्ड खोलताना अजून भ्या वाटतं का गं?"

"वाटतं, काका. दर वेळी वाटतं."

"रोजचं काम असलं तरी?"

"तरी."

त्यांनी मान डोलावली. कंडक्टरनं घंटी ओढली तसे ते मागं टेकून बसले आणि काकूंना म्हणाले, "झालं मग. आता निवांत जाऊ."